गार चिठ्ठी

मी तिसरीत होते.
म्हेत्रे बाई वर्गात आल्या, म्हणाल्या,
"कुणाचे हात स्वच्छ आहेत?"
मी दोन्ही पंजे वर केले, उलटसुलट.
त्या वयात निष्पाप असणं एवढंच असतं :
नखं कापलेली असणं.

विट्याच्या नगरपालिकेचं सभागृह. एप्रिल.
पंखे फिरत होते ते फक्त आवाजापुरते.
नवे गाळे अकरा, अर्ज दोनशे सात,
त्यातला एक अब्बांचा.
कात्र्या-विळ्यांना धार लावायचं चाक
ते सायकलवर बांधून गल्लोगल्ली न्यायचे.
त्या चाकाला छप्पर हवं होतं.
मी कुणाची, हे कुणी विचारलं नाही.
लहान मूल कुणाचंच नसतं
असं धरून चालले सगळे.

शिपायाचा रुमाल डोळ्यांवर, त्याला तंबाखूचा वास.
बरणी लोणच्याची; धुतलेली, तरी आत मोहरी उरलेली.
माणसं खोकायची थांबली.
"ढवळ बाळ, नीट ढवळ."

ढवळलं.
कागद होते कागदासारखे, कोमट,
आणि तळाशी एक गार.
माठाच्या बुडासारखी.

मला कुणी सांगितलं नव्हतं.
गोळी दिली नव्हती, कानात कुजबुजलं नव्हतं.
उकडत होतं, एवढंच.
कुत्रं नळाखालच्या ओल्या मातीत जाऊन बसतं
तशी माझी बोटं तिथे जाऊन बसली.

कोपऱ्यावरचा गाळा, दोन्ही रस्त्यांना तोंड :
दिनकर सपकाळ, गलाईवाले, मुक्काम कोइमतूर.
टाळ्या.
उरलेल्या दहा मी काढल्या, त्या साध्या निघाल्या.
त्यात अब्बांची असती
तर मी हे लिहिलं नसतं, हेही खरं.

घरी सांगितलं, एक चिठ्ठी गार होती.
अब्बांनी चाक थांबवलं नाही.
"उन्हात हाताला काय पण वाटतं," म्हणाले,
आणि ठिणग्या माझ्या बाजूला उडू नयेत म्हणून
जरा वळून बसले.

सपकाळांनी गाळ्यात लॉटरीचं दुकान टाकलं.
दोरीवर तिकिटं, वाळत घातल्यासारखी.
गिऱ्हाइकं मला हाक मारायची,
"रेहाना, तुझ्या हातानं काढ गं एक."
त्या दुकानाबद्दल माझी तक्रार नाही.
शंभरांच्या खिशातून एकाचं बक्षीस,
मधे सरकार, मधे कमिशन,
सगळं तिकिटामागे बारीक अक्षरात छापलेलं.
तिथे माणूस आपल्या पायांनी हरायला जातो.
आमचं तसं नव्हतं.
आम्ही न्याय मागायला गेलो होतो.
न्याय कुणाला द्यायचा ते ठरेना,
म्हणून म्हणाले, नशीब घ्या.
आणि ते नशीबही
कुणाच्या तरी फ्रीजमधून आणलेलं.

की बरणीचा तळच गार होता?
खाली शहाबादी फरशी होती. असेलही.
सपकाळ वारले. कुणाला विचारणार?

आता मी त्याच कचेरीत लिपिक.
प्रभागांच्या आरक्षणाची सोडत असली की
कागद मी कापते, पट्टीनं आखून,
घड्या चार, सगळ्या सारख्या.
बरणी आता प्लॅस्टिकची, आरपार दिसणारी.
'पारदर्शक' हा शब्द तर नोटिशीतच असतो.
टाकण्याआधी प्रत्येक चिठ्ठी
मनगटाच्या आतल्या अंगाला लावून बघते,
बाळाचं दूध बघतात तशी.
साहेब हसतात, "शिकलगार मॅडम, ताप मोजताय का?"

आज गुरवांच्या आळीतला एक पोरगा आलाय,
बाह्या दुमडलेल्या, पट्टी बांधलेली.
सगळे चिठ्ठ्यांकडे बघतात, मी त्याच्या बोटांकडे.
फिरतात, फिरतात,
एका जागी थांबतात.

मी मनगट चोळते.
सभागृहात आता एसी आहे.
सगळ्याच चिठ्ठ्या गार.