काट्यावर

लुसाकाच्या कचरा डेपोवर मी वजनकाट्याचा कारकून.
ट्रक येतो, आकडा लागतो, पावती फाटते.
टनामागे पैसे. पालिका देते, कंपनी घेते.
करार वीस वर्षांचा,
सह्या त्या दोघांच्या,
माझा नुसता शिक्का.

पाऊस झाला की कचरा जड येतो.
ड्रायव्हर सिकोटा खिडकीतून डोळा मारतो:
आज आभाळही भागीदार!

नामुकोलो फाटकाअलीकडच्या वळणावर उभी असते.
ट्रक मंदावला की मागून चढते.
बाटल्या, पत्रा, नशीब असलं तर तांब्याची तार.
कंपनीच्या टनातून तेवढं वजा.
म्हणून परवा भिंतीवर नोटीस लागली,
वजनाची चोरी करणाऱ्यांवर कारवाई होईल.
तिनेच ती मोठ्याने वाचली,
मग मला विचारलं,
चोरी म्हणजे, हे आधी कुणाला हवं होतं?

काल शेवटचा ट्रक गेल्यावर
तिने पोतं आणून काट्याच्या मधोमध ठेवलं
आणि बाजूला झाली.
सांग, किती चोरलं.

साठ टनांचा काटा.
किरकोळ वजन त्याला कळतच नाही.
लाल अक्षरांत शून्य.

पावती दे, म्हणाली.
दिली.
शिक्क्यासकट.