तोंडी चव

तिकिटं मार्चमध्ये काढलेली,
आणि एप्रिलच्या तापात माझं नाक गेलं.
म्हणजे जागेवर आहे, चष्मा टेकवायला उपयोगी पडतं.
डॉक्टर म्हणाले, वास येईल परत. किंवा नाही येणार.
पाच आठवड्यांचे पैसे भरून झाले होते.
तू म्हणालीस, समुद्र तर दिसतो ना तुला? चल.

म्हणून आपण गालिसियात,
स्पेनच्या डोक्यावरच्या भिजक्या कोपऱ्यात,
जिथे जमीन बोटं फाकवून समुद्रात हात घालते
आणि दर बोटावर एक गाव,
दर गावात एक धक्का, दोन चर्चं,
आणि दुपारी साडेतीनपर्यंत कुणी जेवायला घालत नाही.

काम्बादोसला ग्रॅनाइटच्या खांबांवर द्राक्षांचा मांडव.
खाली बाक. पांढरी वाइन, तीही पेल्यात नाही,
चिनी मातीच्या वाटीत, ताकासारखी.
मी वाटी तोंडाला लावली.
गार. ओली.
पुढे काही नाही.
तू डोळे मिटलेस, म्हणालीस,
आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर येतं ना, ते.
पण आवळा शेजारच्या खोलीत आहे.

तिथून सुरू झालं.
लाकडी ताटलीतला ऑक्टोपस:
धुरी दिलेलं तिखट, पण चिडलेलं नाही.
शिंपले: शाळेत पाटीवरची पेन्सिल खायचास, तसे,
फक्त पाटी नुकतीच ओल्या फडक्यानं पुसलेली.
मग ते खडकावरून खरवडून आणलेले,
कासवाच्या नखांसारखे दिसणारे, अतोनात महाग.
तू म्हणालीस, लाट.
एवढ्या पैशात एकच शब्द, मी म्हटलं.
तू तोवर दुसरं सोलायला घेतलं होतंस.

तिसऱ्या आठवड्यात मुशियाला भांडलो.
बाहेर पाऊस आडवा. सूप आलं. कसं आहे?
बरं आहे.
बरं म्हणजे?
बरं म्हणजे बरं, आता मला गरम आहे तोवर खाऊ दे.
तेव्हा लक्षात आलं, किती दिवस
तुझं जेवण निवत होतं माझ्या ताटात वाढता वाढता.
त्या रात्री मी काही विचारलं नाही.
तू तीनदा सांगता सांगता थांबलीस.

शेवटचे नऊ दिवस ओब्दुलियाकडे.
वय एकाहत्तर. ओहोटी लागली की रबरी बूट चढवून
गावातल्या बायकांबरोबर चिखल विंचरायला जाते,
बादलीभर शिंपले घेऊन कमरेत वाकलेली परतते.
तुझा पासपोर्ट तिनं उजेडात धरून वाचला,
ज्योत्स्नाचं ‘ह्योस्ना’ केलं,
आणि नऊ दिवस तू त्या नावाला ओ दिलीस.

एका रात्री तिच्या भावानं, अमारोनं, पिंप उघडलं.
धान्याच्या कोठाराखाली, दगडी पायांमध्ये चार वाट्या.
पाहुणे आधी.
मी प्यालो, मान डोलावली, छान म्हटलं,
हल्ली सगळ्यालाच म्हणतो.
तूही प्यालीस.
मग अमारोनं घोट घेतला
आणि थेट जिरेनियमच्या कुंडीत थुंकला.
शिरका! पिंपभर शुद्ध शिरका!
ओब्दुलिया हसता हसता खांबाला धरून खाली बसली,
अमारो कपाळावर हात मारून
माझ्याकडे बघत राहिला, हा माणूस आहे की काय म्हणून.
मी तुझी वाटी पाहिली.
रिकामी.

खोलीकडे जाताना विचारलं, कशी होती?
गार, तू म्हणालीस. ओली.

त्यातली एक बाटली ओब्दुलियानं बांधून दिली, सॅलडला.
आता ती गॅसशेजारी असते, अर्धी झालीय,
काकडीच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी घालतेस.
कधी कधी सकाळी, दूध तापेपर्यंत,
मी बूच काढून बाटली नाकाशी धरतो.
तू बघतेस.
विचारत नाहीस.