पॉइंट पन्नास

पवनीच्या दुकानात पत्र्यावर निळा शिक्का असतो :
पॉइंट पन्नास.
मी डबीतून मायक्रोमीटर काढतो,
कोपऱ्यावरचा रंग ब्लेडनं खरवडतो,
जबडा मिटतो. टिक, टिक.
चव्वेचाळीस.
"रंग धरून पन्नास होते ना भाऊ," दुकानदार म्हणतो.
रंगानं का वारा अडते, असं मी विचारत नाही.
दुसऱ्या गठ्ठ्यातला दाखवा, एवढंच म्हणतो.

देवकाबाई ठवकरांना कोठा बांधायचाय.
दोन म्हशी, एक पारडू, आडोशाला कुटार.
लांबी बावीस, रुंदी चौदा, पश्चिमेला मोहाचं झाड.
झाड दिसलं तशी मी वांदरं मोजली : अकरा,
एकीच्या पोटाला पिल्लू.

"वर जाड टाक," बाई म्हणाल्या, "भिताडाले पातळ चालते.
भिताडावर कोण नाचते?"
खरंच आहे. वर ओझं, बाजूला नुसती आड.
मी वहीत लिहिलं : छत पन्नास, भिंत पस्तीस.

तेवढ्यात मोठी म्हैस उठली.
खांबाला मान घासली, मग कुडाला, मग पुन्हा खांबाला,
सावकाश,
राखेनं गंज घासावा तशी.
शेणामातीचा एक पोपडा खाली आला.
तिचा खांदा पोचत होता तिथवर कूड
काळा, तेलकट, गुळगुळीत,
आणि त्याच्या वर कोरा.
मी टेप लावला. चार फूट दोन इंच.
कुठल्याच कंपनीच्या तक्त्यात हा आकडा नाही.

"भिंतीलाही खालून सवाचार फूट पन्नासच, वर पस्तीस."
"अन् पैसे?"
"वाढतीन."
देवकाबाईंनी म्हशीकडे असं पाहिलं
जसं तिनंच हे मागून घेतलं.
"खादाड तं होतीच," म्हणाल्या.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

तेरा वर्षांपूर्वी, नदीपल्याड,
एका अंगणवाडीचं छत मी पस्तीसनं टाकलं.
पस्तीस बिलावर. हातात एकतीस.
पर्लिन पाच-पाच फुटांवर,
कारण लोखंडही तेव्हा महाग होतं,
आणि मला ते काम हवं होतं.
वैशाखात एका रात्री वावधन आलं.
सकाळी पत्रे धानाच्या कोरड्या बांधीत,
कुणी रागानं चुरगाळून फेकल्यासारखे.
वर मात्र स्क्रू सगळे जागच्या जागी,
ताठ, एकही ढिला नाही,
प्रत्येकाच्या वायसरखाली रुपयाएवढा पत्रा
फाटून राहिलेला.
स्क्रूनं सोडलं नव्हतं.
धरायला पत्र्याला अंगच नव्हतं.

रात्र होती. आत कोणी नव्हतं.
हे वाक्य मी बरेचदा म्हणतो.

तिथली मदतनीस, रेखनबाई,
झाडता झाडता थांबली.
"आवाजच तसा यायचा हो," म्हणाली,
"पहिल्या दिवसापासून. चिवड्याच्या पुडीवानी."
मला कधी ऐकू आला नव्हता.
मी छत टाकून दुसऱ्या कामावर गेलो होतो.

त्यातली एक चकती मायक्रोमीटरच्या डबीत आहे.
लोक शून्य तपासायला जबडा रिकामा मिटतात.
मी आधी ती ठेवतो.
एकतीस.
दर वेळी एकतीस. यंत्र बरोबर आहे.

कोठा झाला. पत्रा भंडाऱ्याहून आणला,
वाहनाचे पैसे माझे गेले.
पहिल्याच दुपारी वांदर उतरलं :
धप्प.
तडतड नाही, थरथर नाही, धप्प.
म्हशीनं वर पाहिलंही नाही.
ती नव्या भिंतीला मान लावून
जुनंच काम करत होती.

सहाशे रुपये अजून यायचेत.
मागायला म्हणून जातो,
बोटाच्या पेरानं पत्रा वाजवतो,
चहा पितो,
येतो.