पाटीच्या मागे

महापालिकेने यादी दिली: चौदा ऐतिहासिक स्थळं.
पाटी तीन बाय चार, निळ्यावर पांढरं,
वर नाव, खाली साल, त्याखाली कोणी बांधलं.
ओळी चारच. पाचवी लिहिली तर पैसे कापीन,
असं वारजूरकर साहेब म्हणाले,
ज्यांचं स्वतःचं वाक्य जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपत नाही.

मी समोर चार ओळी लिहिल्या.
मागची बाजू कोणी मागितली नव्हती.

झिरो माइलच्या घोड्यांना कुठेच जायचं नाही.
खांबावर गावं कोरलीत, गावांपुढे मैल.
इथून सगळा देश मोजला म्हणे.
मोजणाऱ्याला मे महिन्यात तहान लागली असेल,
त्याला पाणी कोणी पाजलं ते खांबावर नाही.
म्हणून मागे:
*गिरजाबाई गजभिये, प्याऊवाली. अठरा उन्हाळे.
माठाला ओलं फडकं, ग्लास कधी उष्टा नाही.*

किल्ला वर्षातून दोन-तीन दिवस उघडतो,
बाकीचे दिवस टेकडी आपली आपणच बघते.
समोर: लढाई, सन अठराशे सतरा.
मागे: *अय्यूब घडीसाज, बर्डी.
एक गिऱ्हाईक घड्याळ टाकून गेलं, परत आलं नाही.
बावीस वर्षं रोज सकाळी चावी दिली.
म्हणायचा, तो येईल तेव्हा
उशीर त्याचा असावा, घड्याळाचा नको.*

गिरणीची पाटी आता मॉलच्या फाटकाशी.
आत सरकते जिने, गार हवा,
पोरं जिथे पिझ्झा खातात तिथे
माझ्या अंदाजाने सूतखाता होता. अंदाजानेच सांगतो.
*तान्हबा निखारे, तिसरी पाळी.
गिरणी बंद झाली तरी रात्री उठून चपला शोधायचा.
बायको लपवून ठेवायची.
एके रात्री तिनेच काढून दिल्या:
"जा, पाहून या एकदा."
पहाटे आला. नंतर झोपू लागला.*

महालातल्या दरवाज्याला मात्र जागा पुरेना.
*सखूबाई धकाते. मारबतीचे डोळे काढायची.*
मी लहानपणी विचारलं होतं,
जी जाळायची तिले एवढं देखणं काहून करता?
तिने कुंचला चाटून टोक काढलं.
"साऱ्या मोहल्ल्याची रोगराई घेऊन चालली ते,
तिले फाटक्या लुगड्यात धाडू का बे?"
हे सगळं लिहिलं. अक्षर बारीक झालं, पण लिहिलं.

शुक्रवारी तलावाशी:
*दादू नान्हे, ढीवर. पाण्यातून जिवंत काढले अकरा.*
दुसरा आकडा त्याने सांगितला नाही.
मी विचारला नाही.

तेरा झाल्या.
चौदावीची पाठ कोरी आहे.
बाप पाट्या रंगवायचा, नाक्यानाक्यावर त्याचं अक्षर होतं,
खाली नाव टाकायची पद्धत नव्हती.
रेशन कार्डावर हेडाऊ, शाळेच्या दाखल्यावर हेडावू,
दवाखान्याच्या कागदावर नुसतंच पेंटर.
कोणतं लिहू?
ब्रश दोनदा बुडवला, दोनदा पुसला.

परवा वारजूरकर साहेब तपासणीला आले.
चहा जास्त झाला होता, आडोसा शोधत
झिरो माइलच्या पाटीमागे गेले,
आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.
मी मनातल्या मनात बिल फाडून टाकलं.

"हे काय करून राहिला बे तू?"
प्रायमर आहे साहेब, म्हटलं.
"प्रायमरले नाव असते का?"

मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला,
पुन्हा वाचायला गेले.
"मी पेलो तिचं पाणी," तिकडूनच म्हणाले,
"जागेचे कागद घेऊन फिरत होतो, नोकरी नव्हती तेव्हा.
अठरा नाही. वीस उन्हाळे. दुरुस्त कर."

पैसे कापले ते कापलेच.
पण स्टोअरमधून पांढऱ्याचा एक डबा
जास्तीचा आला.
पावती नव्हती.