करंगळी

आमच्या जोमाआजाची करंगळी
टोकाशी आत वळलेली,
शेजारच्या बोटाला काही सांगायचं असावं तशी.
"मीठ ओढून ओढून," तो म्हणायचा,
"दांड्यानं वाकवली."
आम्ही मानलं. करावे गावात
कुणाचं काय वाकलं नव्हतं?

मिठागर गेलं. सेक्टर आले.
साडेबारा टक्क्यांच्या कागदावर
बाबांनी सही केली, हात टेकवून
तसल्याच करंगळीवर.
बाबा बँकेत कॅशियर,
दांडा त्यांनी कधी धरलाच नव्हता.
हे तेव्हा कुणी बोललं नाही.

काल नेरूळच्या दवाखान्यात
नर्सनं माझ्या मुलीची मूठ उलगडली.
सहा तासांचं वय,
आणि करंगळी आत.
"काही नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"घरात कुणाची आहे का? जनुकातून येतं.
प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता."

निम्मी! सिडकोपेक्षा बरीच.

म्हणजे मिठानं नाही, आजा.
तू पाळण्यात होतास तेव्हाच ती वाकलेली होती.
मग मिठाच्या माथी का मारलंस?
की तुलाही कुणी तसंच सांगितलं होतं,
स्वतःची करंगळी मुठीत लपवून?

मी तिच्या बोटाला ओठ लावले.
खारट लागलं.
माझाच घाम असेल.