तोंडाची वाफ

डंडी शहराच्या कडेला, टे नदी समुद्राला मिळते त्या अंगाला
आमची पत्र्याची शेड. रात्रपाळी.
पट्टा सरकतो, आम्ही वेचतो :
काच इकडे, डबे तिकडे,
पुठ्ठा ओला असेल तर कुठेच नाही.

गेली काही वर्षं पट्ट्यावर रंग आलेत.
गुलाबी, पोपटी, कावीळ झाल्यासारखे पिवळे,
बोटाएवढ्या नळ्या.
कलिंगड. आंबा. निळी रासबेरी.
(निळी रासबेरी कुठल्या झुडपाला लागते, देव जाणे.)
हुकूम असा, की ही दिसली की बाकी सगळं सोडायचं,
आधी हिला उचलायचं, वाळूच्या बादलीत.
कारण ओढणाऱ्याचा रस संपतो,
नळीतली वीज संपत नाही.
बसून राहते, राग धरून,
आणि कचरागाडीच्या जबड्यात चेपली की बोलते.

मार्चमध्ये बोलली.
पहाटे तीन चाळीस. ढिगात आधी शिट्टीसारखं काहीतरी,
मग पांढरं, मग एकदम सगळं नारिंगी.
ग्राझिना ओरडली ती पोलिशमध्ये, पण कळलं सगळ्यांना.
दोन दिवस शेड धुमसत होती.
बंबाचं काळं पाणी गटारातून नदीत गेलं.
वाळूच्या दांड्यावर सील लोळत पडलेले असतात,
त्यांना कोणी काही विचारलं नाही.

घरी स्ट्रुअन. सतरावं सरतंय.
"आई, धूर नाही तो. वाफ आहे."
शब्द नेमका निवडतो, आजोबांवर गेलाय.
ते तागाच्या गिरणीत छाती घालवून बसले
आणि शेवटपर्यंत म्हणत, धूळ नाही गं ती, पगार आहे.

वाफ.
सर्दी झाली की मी त्याला वाफारा द्यायचे,
टोपावर डोकं, डोक्यावर टॉवेल,
आतून पुटपुट : अजून किती, अजून किती.
गुडघा फुटला की फुंकर घालायचे.
एवढीशी फुंकर, आणि रडू थांबायचं.
तेव्हा माझ्या तोंडातल्या हवेवर
त्याचा विश्वास होता.

आता मी बोलते, तोंडाची वाफ दवडते.
तो ऐकतो, तोंडाची वाफ दवडतो.
स्वयंपाकघराच्या काचेवर
दोघांचं मिळून एकच धुकं.

लॉ टेकडी एका दमात चढणारा पोरगा
जिन्यात तिसऱ्या मजल्यावर थांबतो, वाकतो,
बुटाची नाडी बांधतो.
नाडी सुटलेली नसते.
झोपेत हात उशीखाली जातो, चाचपतो,
तान्हं मूल चाचपतं तसा.
दवाखान्यातली बाई प्रामाणिक होती. म्हणाली,
सिगरेटचं आम्हाला ठाऊक आहे,
याचं पुरतं कळायला अजून वीसेक वर्षं जातील.
वीस वर्षांनी तो सदतीसचा.
म्हणजे त्यांना कळेल ते त्याच्याकडूनच कळेल.

परवा पट्ट्यावर आली एक, आंब्याच्या रंगाची,
तोंडाशी चावलेली.
स्ट्रुअन शाळेत पेन्सिली चावायचा.
पण चावणारी पोरं या गावात काय एकच आहेत?
मी ती हातमोज्यात धरून ठेवली, नको तितका वेळ.
पट्टा तसाच पुढे गेला, दोन बाटल्या निसटल्या,
लॅकलनने वरच्या काचेतून हात हलवला : काय झालं?
काही नाही.
वाळूत टाकली. वाळूत तिचं टोक
तीनदा लुकलुकलं,
कोणी दार ठोठावून उत्तराची वाट पाहावी तसं.

सकाळी सात. मी चढत होते, तो उतरत होता.
आगीनंतर मलाही एका दमात जमत नाही,
हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.
तिसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकले, वाकले,
बुटाला हात घातला.
तो थांबला. माझ्या बुटाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मग शेजारच्या पायरीवर बसला,
खिशावर हात दाबून, जणू आत काही जागं आहे.

बाहेर समुद्रपक्ष्यांचा कालवा चालला होता.
नाडीचं नाव
दोघांनीही काढलं नाही.