कोरडं वजन

सातपूरच्या प्रयोगशाळेत आम्ही भुकटीला पाणी पाजतो,
तेही वाफेतून, एक थेंब पडू न देता.
झाकणबंद बरण्या, तळाशी मिठांचे द्राव.
लिथियमचं मीठ हवा अकरा टक्के ओली ठेवतं,
मॅग्नेशियमचं तेहतीस,
आपलं आमटीतलं पंचाहत्तर.
व्हॅसलिन लावून मिटलेले ऋतू.

भुकटी सिलिकाची. दिसायला रांगोळी,
आतून नुसती भोकं.
चिमटीत एवढ्या भिंती, की उलगडल्या तर
कबड्डीचं मैदान झाकलं जाईल.
त्या भिंतींना तरन्नुम अत्तारने पॉलिमरचं अस्तर लावलंय.
ते आतपर्यंत पोचलं,
की पाहुण्यासारखं उंबऱ्यातच थबकलं?
डोळ्याला कळत नाही. पाण्याला पाठवायचं.
पाणी आत जाऊन बघतं
आणि वजनात सांगतं.

बिनअस्तराची पन्नासलाच भरली.
अस्तराची सत्तरपर्यंत ढिम्म,
मग धरणाचा दरवाजा उचलावा तशी एकदम प्यायली.
सुकताना मात्र आल्या वाटेने परतली नाही.
आलेखावर दोन रेघांत जागा उरली, मासोळीएवढी.
आणि शेवटी, सगळं सुकल्यावर,
शून्यावर यायला हवी होती ती
दोन मिलिग्रॅम वरच थांबली.

खैरनार बाई म्हणाल्या, गळती असेल.
गळती नव्हती.
तरन्नुमने हातमोजे बदलले, मी बरणी बदलली.
दुसऱ्या फेरीत भुकटी साठलाच भिजू लागली,
जणू वाट माहीत झाली होती.

गुरुवारी बाबा डबा द्यायला आले.
भांडी बाजारात चाळीस वर्षं तराजू दुरुस्त केलेला माणूस.
"ताजव्याला दारं कशाला?"
वाऱ्यासाठी, म्हटलं.
"आम्ही पंखा बंद करायचो आणि गिऱ्हाइकाला गप्प बसवायचो."
मग काचेपाशी वाकून, श्वास धरून,
चौथा दशांश थरथरताना पाहत राहिले.

आमच्या गावात पूर मोजायला दुतोंड्या मारुती आहे.
त्याच्या छातीला पाणी लागलं त्या साली
दुकानात गुडघाभर गाळ होता.
पितळी वजनं पुसली, झाली पहिल्यासारखी.
त्यांची शिसवी पेटी, आत मखमल,
बाबांनी पत्र्यावर महिनाभर वाळवली.
पेटीचं वजन झाकणावर खिळ्याने कोरलेलं होतं;
रोज संध्याकाळी ते ताडून बघायचे.
सहा ग्रॅम उतरले नाहीत ते नाहीतच.

"मग काय केलंत?"
"काय करणार. जुना आकडा खोडला, शेजारी नवा कोरला."

बाईंचं मत वेगळं आहे.
पाण्याने सिलिकाशी कायमची गाठ मारली असेल,
किंवा अस्तर फुगून बसलं असेल,
एकशेदहा अंशांवर तापवून पाहू, म्हणाल्या.
सोमवारी तापवू.

तोवर वहीत 'कोरडं वजन' या रकान्यात
मी दोन्ही आकडे लिहिलेत,
पहिला न खोडता.
डब्यात गवार होती, थोडी खारट.